कॅझदादाच्या मानेवरची पिसू

बाल्टिमोर, ३ फेब्रुवारी २०००

ती. कॅझदादास सा. न. वि. वि.

आमच्या किरणोत्सार-सुरक्षेच्या समितीपुढे सध्या तुमचीच 'पिसू' आहे. अणुभट्टीच्या दुरुस्तीत अंगाला चिकटणारा, डोळ्यांना न दिसणारा तो किरणोत्सारी कण. आजवर त्याचा मारा कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरवर मोजायचो. आता तो दहा चौरस सेंटिमीटरवर वाटून मोजावा, असं घाटतंय. मत मार्चअखेर द्यायचंय. तीस वर्षं तू तिथे पाइप जोडलेस, म्हणून आधी तुला विचारते. आता तुझी लेक रोझानही तेच काम शिकतेय, हे डोक्यातून जात नाही.

वहिनीला नमस्कार. उत्तर लगेच धाड.

तुझी, ल्युसिल

पेनसिल्व्हेनिया, ११ फेब्रुवारी

चि. ल्युसिल हिस अ. उ. आ.

म्हणजे आमच्या कातडीची मर्यादा दहा पट सैल करणार म्हण ना. खुर्चीत बसून बोलायला तुमचं काय जातंय? शहाऐंशी साली माझ्या मानेवर पिसू सापडली. टाचणीच्या डोक्याएवढा फोड आला, तीन आठवड्यांत गेला. तुझी वहिनी मात्र वर्षभर माझी मान तपासत होती.

पण खोटं कशाला बोलू? त्या फोडापेक्षा कामावरची तपासणी वाईट. अंगावर प्लॅस्टिकचे दोन सूट, आणि दर वीस मिनिटांनी पिसू शोधायला काम थांबवायचं. तासाचं काम तीन तासांवर जातं आणि तेवढा वेळ अख्खं अंग किरणं खात बसतं. आमच्या टोळीतला लेनी तर उकाड्याने आतच कोसळला. हे तुमच्या कागदावर येतं का? मत देण्याआधी एकदा तो सूट घालून बघ. पोटच्या पोरीचा प्रश्न आहे, म्हणून तोंड सोडलं. राग धरू नकोस.

दादा

बाल्टिमोर, २ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

सरावाच्या खोलीत सूट घातला. चाळीस मिनिटांत दोनदा थांबवलं आणि माझ्याच्याने एक बोल्ट आवळला गेला नाही. आमच्या गणितात तुमचा घाम नव्हता, ते तीन तासही नव्हते. तुझं पत्र समितीत वाचलं, शिव्या गाळून.

मी दहाच्या बाजूने मत दिलं, म्हणजे दर वीस मिनिटांनी काम थांबवावं लागणार नाही. कण सापडला की तिथल्या तिथे काढायचा आणि नोंदवायचा, ही अट घातली. तरी क्वचित तुझ्यासारखा फोड येऊ शकेल, हेही लिहून दिलं. तो रोझानला आला तर तुला काय तोंड दाखवू, कळत नाही.

ल्युसिल

पेनसिल्व्हेनिया, २५ ऑक्टोबर २००२

चि. ल्युसिल हिस अ. उ. आ.

नव्या नियमाने रोझान पहिल्यांदा आत जाऊन आली. एकदाच तपासलं. त्याच कामाला माझ्या अंगावर जेवढी किरणं पडायची, त्याच्या निम्मीही तिच्या किरणं मोजायच्या बिल्ल्यावर दिसली नाहीत. मनगटावर पिसू सापडली. लगेच काढली, नोंदवली. तुझी वहिनी तीन आठवडे रोज चष्मा लावून ते मनगट बघते. मीही हळूच बघतो. फोड नाही, डाग नाही.

काल युनियनच्या हॉलमध्ये एकाने विचारलं की हे नियम करणाऱ्यांपैकी कुणी जन्मात सूट घातलाय का. मी उठून सांगितलं की घातलाय, माझ्या धाकट्या बहिणीने, आणि तिला एक बोल्ट आवळता आला नाही. सगळे हसले. मग मी खाली बसलो.

नाताळला ये. बटाट्याचं सारण भरून पिएरोगी करू, आणि बोल्ट आवळायला रोझान शिकवेल. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा, दादा