बंद पडतो, की बंद होतो?

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर बरी असती तर प्रत्यक्ष येऊन घातला असता, तूर्त कागदावरचा गोड मानून घे.) तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी मीठ कमी केलं, की कमी केल्याचं नुसतं जाहीर केलं? इकडे आई ठणठणीत, मी बरा, आणि तू दिलेल्या संगणकाची प्रकृती मात्र तोळामासा. सूचीचं काम संपेपर्यंत तीन महिने आईला तुझ्याकडे ने, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्याकडे येतोच, पण आधी या संगणकाचं ऐक.

निवृत्त मुद्रितशोधकाला कोणी सुखानं निवृत्त होऊ देत नाही. प्रकाशकानं वनस्पतींच्या एका जाडजूड ग्रंथाची शब्दसूची माझ्या गळ्यात मारली आहे. दुपारी जेवून बसतो, छान लय लागते, आणि अचानक पडदा काळाठिक्कर. आवाज नाही, सूचना नाही, जाताना 'येतो' म्हणायची रीतही नाही. जतन न केलेले तीस-चाळीस शब्द पाण्यात. पुन्हा बटण दाबलं की साळसूदपणे सुरू. भावोजींनी फोनवरून सांगितलं तसं सगळं केलं. आतली धूळ दाढीच्या ब्रशनं काढली (संगणक तसाच राहिला, मला तेरा शिंका आल्या). टेबल खिडकीशी नेलं, पंखा लावला, सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. फरक शून्य.

मग माझ्या पद्धतीनं वही घातली. तारीख, वेळ, आणि पडदा गेला तेव्हा कोणता शब्द टाइप करत होतो तो. शब्दांचा रकाना रोज वाचायचो. 'कण्हेर'वर गेला, 'गुग्गुळ'वर गेला, 'गोकर्णी'वर गेला. माझी खात्री पटली की याला जोडाक्षरं झेपत नाहीत. दोन दिवस जोडाक्षरं वगळून काम केलं, तर 'चिंचे'वर गेला.

शेवटी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला, स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच ठेवला आणि विचारलं, "काका, हा बंद पडतो, की बंद होतो?" मी म्हटलं, एकच की. त्या म्हणाल्या, "एकच कसं? पडतो तेव्हा त्याचं स्वतःचं काहीतरी बिघडलेलं असतं. होतो तेव्हा वीज तुटते." मग वही चाळून म्हणाल्या, "चार दहा, चार पंधरा, चार अठरा. मशीनला घड्याळ कळतं होय? कोणीतरी बंद करतंय हो." ताई, चाळीस वर्षं मी लोकांच्या वाक्यांतले कर्ते तपासले, आणि स्वतःच्या वहीत चोवीस वेळा चुकीचा कर्ता लिहून बसलो. वेळेचा रकाना मी एकदाही वाचला नव्हता.

माझ्या खोलीतल्या प्लगचं बटण बाहेर पॅसेजमध्ये आहे, ही वायरमनची करामत तुला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी दार किलकिलं ठेवून बसलो. चार वाजून तेरा मिनिटांनी आई आली. घड्याळाकडे पाहिलं, काठी उचलली आणि काठीच्या टोकानं ते बटण बंद करून लगेच पुन्हा चालू केलं. मग अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी जेवढं घाईनं जाता येतं तेवढ्या घाईनं खुर्चीत जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवले.

मी रोजच्यासारखा करवादत बाहेर आलो. ती म्हणाली, "पडलं का रे पुन्हा? बस मग जरा."

बसलो. आणि तेव्हा लक्षात आलं की गेला महिनाभर मी असाच बसतोय. अर्धा तास संगणकाला शिव्या घालतो, त्यातून विषय बाबांच्या करकरणाऱ्या बुटांवर जातो, तुझ्या शाळेतल्या वेण्यांवर जातो, ती हसते. एरवी दिवसभर मी तिच्याशी काय बोलतो? 'जेवलीस का', 'गोळी घेतलीस का' आणि 'हळू चाल'. दोन वाक्यं प्रश्नार्थक, एक आज्ञार्थी. मला लाज वाटली, ताई. तिला काही बोललो नाही.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
कानामात्रा

ता. क. बाईंनी एक डबा बसवून दिलाय. वीज तुटली तरी संगणक चालू राहतो, डबा फक्त 'टूक' करतो. टूक ऐकलं की मी शब्द जतन करतो, आपल्या हातानं संगणक बंद करतो, "मेला पुन्हा" असं आईला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणतो आणि बाहेर जातो.

ता. ता. क. तू आईसाठी खोली रिकामी केलीस, भावोजींची पुस्तकं माळ्यावर चढली, हे तुझ्या फोनवरून कळलं. त्यांची माफी मागतो, पण पुस्तकं खाली काढा. आईला नेऊ नकोस. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. ती फोनवर म्हणाली की मशीन फार त्रास देतं बाई त्याला, तर हो म्हण, आणि दुरुस्त होण्यातलं दिसत नाही असंही म्हण. सूची व्हायची तेव्हा होईल. आता थांबतो, चार वाजून दहा झालेत, संगणक बंद पडायची वेळ झाली.