पंडित बोक्याच्या सह्या

कळसाडी
३ जानेवारी २०२५

चि. सौ. चेतना हिस नवलभाऊचे अनेक आशीर्वाद.

तळोद्याहून मी सुखरूप पोचलो. माझा मफलर मात्र पोचला नाही, तो वाटेत टाकावा लागला. तुमच्या बोक्याने त्यावर जे केले त्याचा वास शहादा येईपर्यंत एसटीभर फिरत होता. शेजारच्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती या वयात कुणाच्या वाट्याला येऊ नये.

काजलने मामाची आठवण म्हणून त्याचे नाव पंडित ठेवले, असे तू हसत सांगितलेस. मामा अजून हयात आहे, आणि आजवर कुणाच्या भिंतीकडे पाठ करून शेपूट थरथरवीत उभा राहिलेला नाही. दूध तुमचे, गादी तुमची, आणि परतफेड म्हणून भिंतीवर फवारा. कुत्रा निदान लाचार तरी असतो. याच्या तोंडावर उपकार केल्याचा भाव असतो.

असो. घर बाटले आहे, शुद्धी हवी. त्याने जिथे जिथे दिवे लावले असतील तिथे आधी फिनेल फिरव, मग गोमूत्र शिंपड. मी संस्कृत शिकवतो, अंदाजे बोलत नाही.

हेमराजरावांना नमस्कार. भावावर माया ठेव, बोक्यावरची थोडी कमी कर.

तुझा,
नवलभाऊ

तळोदा
१२ जानेवारी २०२५

ती. नवलभाऊ यांस चेतनाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितले तसेच केले. पंडिताने गोमूत्राचे एकेक ठिकाण हुंगले, तोंड अर्धवट उघडे ठेवून विचार केला, आणि प्रत्येकावर आपली दुरुस्ती केली. तुम्ही मुलांच्या वह्या तपासता, अगदी तसे. आधी भिंतीच होत्या. आता देव्हाऱ्याखालचा कप्पा झाला आणि ह्यांचे ऑफिसचे बूटही झाले. तुमच्या विद्येचा एवढा उपयोग या घरात पूर्वी कधी झाला नव्हता.

बूट झाल्यापासून हे काही ऐकत नाहीत. आते हाई बोकं घरमा नको, एवढेच धरून बसलेत. संक्रांतीनंतरच्या बाजाराला सुरुपसिंगच्या जीपमधून त्याला वर डोंगरात सोडून द्यायचे ठरवले आहे. मी म्हटले, घरात वाढलेला जीव आहे, तिथे एक रात्र काढणार नाही. ह्यांनी पेपरचे पान उलटले.

काजल सुरतेला सासरी गेल्यापासून माझ्या हाकेला येणारा तोच एक आहे. हे आणि मी, वाढू का आणि लाइट बंद करू का, एवढेच बोलतो. म्हणून विचारते, रागावू नका. ग्रंथांत नसलेले काही ठाऊक असेल तर लवकर कळवा. तुम्ही फोन कानाला उलटा लावता, म्हणून हे पत्र शहाद्याच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे.

वहिनींना नमस्कार. तुमची कृपादृष्टी राहू द्या, सल्ला तपासून द्या.

आपली,
चेतना

कळसाडी
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. चेतना हिस अ. आ.

गोमूत्र शुद्धच असते. ते मांजरांना कुणी शिकवलेले नाही.

आमचा भाग्येश गुरांचा डॉक्टर व्हायला निघाला आहे, त्याला विचारले. आधी तो बापाला पोटभर हसला. मग म्हणाला, फिनेल काय आणि गोमूत्र काय, बोक्याच्या नाकाला तो परक्याचा वास. आपण शुद्धी केली, त्याने समजून घेतले की कुणीतरी घर बळकावले.

बसून, जमिनीवर, भरपूर, ती गरज. उभ्याने, भिंतीवर, शेपूट थरथरवीत, थोडेसे, ती सही. हा भेद पाणिनीने सांगितलेला नाही, तेव्हा मला दोष देऊ नये. खिडकीतून दुसरा बोका दिसतो का पाहा, दिसत असेल तर खालच्या काचेला कागद चिकटव. डाग कपड्यांच्या एन्झाइमवाल्या पावडरीने धू. मारू नको, धाकाने सह्या वाढतात. आणि मुख्य म्हणजे त्याची नसबंदी कर. बहुतेक बोके त्यानंतर सुधारतात, सगळे नाही आणि लगेच नाही.

हेमराजरावांनी जन्मभर कचेरीत बसून दिसेल त्या कागदावर शिक्का मारला. त्यांनी बोक्याच्या सहीवर इतके तापावे, याचे मला नवल वाटते. हे त्यांना वाचून दाखवलेस तरी चालेल.

जपून राहा, भावाची आठवण काढीत जा.

तुझा,
नवलभाऊ

तळोदा
९ मार्च २०२५

ती. नवलभाऊ यांस शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या गफूरभाई शिंप्यांच्या भिंतीवर एक काळा बोका दुपारभर आमच्या खिडकीकडे डोळे लावून बसायचा. काचेला कागद लावला. पण नसबंदी म्हटल्यावर ह्यांना घाम फुटला. हे म्हणाले, नराच्या जातीवर असा अन्याय करू नये, पाप लागते. डोंगरात नेऊन टाकण्यात पाप नव्हते. पुरुषांचे पापपुण्य नेमके कुठे असते ते मला त्या दिवशी कळले.

बाजाराच्या दिवशी जीप दारात आली. मी टोपलीवर फडके बांधले, साडी बदलली आणि सुरुपसिंगला दोन जागा धरायला सांगितले. बोक्यासोबत मीही वरच राहीन म्हटले. तो हसला. ह्यांनी माझ्या हातातली कपड्यांची पिशवी पाहिली, ते हसले नाहीत. ओट्यावरून खाली उतरले, चपला घालून जीपमध्ये बसले, टोपली मांडीवर घेतली आणि सुरुपसिंगला जीप नंदुरबारच्या जनावरांच्या दवाखान्याकडे घ्यायला सांगितले. तिथे पंडित शांत होता. लिंबूपाणी ह्यांना द्यावे लागले.

पहिले काही आठवडे सह्या चालूच होत्या, आता भिंती कोरड्या आहेत. ह्यांचा मात्र विश्वास बसत नाही. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी हे गुडघ्यांवर बसून भिंत हुंगत जातात, आणि मी बादली घेऊन शेजारी बसते. इथे वास येतो का, तिथे येतो का, मला विचारतात, मग काजलचा फोन आला होता का तेही विचारतात. ती गेल्यापासून आम्ही इतके बोललो नव्हतो. सुरुवात मुतापासून होते, पण बोलतो.

वहिनींना नमस्कार, भाग्येशला आशीर्वाद. आपली माया आहेच, ती उणी पडू देऊ नये.

आपली,
चेतना