कुंकू नसलेलं पत्र

कुकटपल्ली, हैदराबाद
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर तुझं पत्र आलं आणि उत्तराला मी आज बसलो. एवढ्या उशिराबद्दल माफ कर. चारदा कागद घेतला, चारही वेळा भामा चहा घेऊन शेजारी येऊन बसली. तुझे कान गेल्यापासून आपला कारभार पत्रांवर आहे ते एका परीनं बरंच. या फ्लॅटच्या भिंती पापडासारख्या, फोनवर मनातलं बोलायची सोय नाही.

आक्का, मी फार परेशान आहे. मेमध्ये आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. त्या निमित्तानं अविनाश आणि सूनबाई वृषाली आम्हां दोघांना ग्रीस देशात न्यायला निघालेत. नात रेणूनं भिंतीवर नकाशा चिकटवलाय. नुसता समुद्र, आणि त्यात मुरमुरे सांडावेत तशी बेटं. एका बेटावरून दुसऱ्यावर बोटीनं जायचं, चार-चार तास. मधे पडकी देवळं बघायची. मी म्हणालो, पडकी देवळं आपल्याकडे काय कमी आहेत? रेणू म्हणाली, आजोबा, तिथल्या देवळांपुढे तुमचा फोटो एकदम मस्त येईल.

भामा तर हवेत आहे. सत्तर वर्षांची झाली, पाणी म्हणून पाहिलं ते हुसेनसागर. रोज सकाळी नवे बूट घालून जिन्यासमोर फेऱ्या मारते. वृषालीनं ऑलिव्हची बाटली आणलीय, ती भाकरीबरोबर तोंड वाकडं करून खाते. विचारलं तर म्हणाली, सवय करायलेय.

मला पाण्याचं काय आहे ते जगात तुला एकटीला माहीत. आजोळी मांजरेला पूर आला होता, मामानं गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीत बसवून आपल्याला पैलतीरी नेलं, काहील भोवऱ्यात गरगर फिरली, मी बाहेर पडलो आणि तू माझे केस धरून वर ओढलंस. मी आठ वर्षांचा होतो. अजून आंघोळीला डोक्यावर पाणी घेताना मी डोळे मिटत नाही. हे भामाला कधी सांगितलं नाही. आता या वयात कसं सांगू?

तेव्हा एवढं कर. घरच्या पत्त्यावर पत्र टाक, की तुझी तब्येत बरी नाही, मे महिना मी तुझ्याजवळ काढावा. तू कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावतेस ते लावू नकोस. पत्रं भामाच उघडते, कुंकू नाही एवढ्यावरूनच ती समजेल. मग मी उदगीरला येईन, ते सगळे ग्रीसला जातील. मला खरं काय लिहायचं ते नल्लकुंट्याला मुकुंदरावांच्या पत्त्यावर लिही. जुने शेजारी आहेत, पोटात ठेवतील.

तुझी माया आजवर पुरली, याही वेळी पुरव.

तुझा,
नामदेव


उदगीर
१० फेब्रुवारी २०२५

चि. नामदेवास अनेक आशीर्वाद.

अरे नाम्या, नातीचं लग्न करायच्या वयाला आलास तू आणि अजून काहिलीतच बसलायस का? तुझं पत्र वाचून हसले, मग हसल्याचं वाईट वाटलं. केस धरून ओढायला आता तुझ्या डोक्यावर केस तरी राहिलेत का?

घरच्या पत्त्यावर तुझ्या मनासारखं लिहिलंय. छातीत दुखतं, रात्र बसून काढते, असं. लिहिताना उगीच छातीवर हात गेला. आणि कुंकू लावलं नाही. तुझे दाजी गेले तेव्हा कपाळाचं सोडलं, पण पत्राचं कधी सोडलं नव्हतं. ते तुझ्यासाठी सोडलं, हे ध्यानात ठेव.

भामाला मात्र पोटभर समुद्र पाहू दे. तिच्या आड येऊ नकोस.

मी ठणठणीत आहे. कुरडयांचा गहू भिजत घातलाय.

तुझी,
आक्का


कुकटपल्ली, हैदराबाद
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. तुझं पत्र सोमवारी आलं. भामानं ते उलटसुलट केलं, कोपरा पाहिला आणि वाचायच्या आधीच खाली बसली. मग वाचलं. मला वाटलं, आता मला म्हणेल, तुम्ही जा आक्कांकडे.

ती म्हणाली, मी जाते. दोन्ही बाळंतपणांत आक्कांनी माझं डोकं धुऊन दिलं, त्या आजारी असताना मी समुद्र बघत बसू? मी म्हणालो, मी जातो ना, माझी बहीण आहे. त्यावर म्हणाली, तुम्हांला चहा करता येत नाही, दुखणाईताचं काय करणार? त्यांनीच तुमची उस्तवार करायची का? तुम्ही पोरांबरोबर ग्रीसला जा, त्यांचा विरस नको.

पन्नास वर्षं संसार करून मला हे सुचू नये! आपल्या घरात दुखणं कुणाचंही असो, उशाशी बसते ती बाईच. माझा बाप दवाखान्याच्या दारातूनच परत फिरायचा, मीही तसाच.

आता ऐक कसा अडकलोय ते. भामानं बूट डब्यात घालून माळ्यावर ठेवले. ऑलिव्हची बाटली रेणूला दिली. अकरा मार्चला व्हिसासाठी सगळ्यांना बोटांचे ठसे द्यायला जायचंय, त्यातून स्वतःचं नाव काढायला तिनं अविनाशला सांगितलंय. बारा तारखेचं उदगीरचं तिकीट काढायला लावलंय. अविनाश तुझ्या शेजारणीचा, त्रिवेणीचा, नंबर शोधतोय. आणि मी एकटा चार-चार तास बोटीत!

भामा रडत नाही. तिनं फक्त भिंतीवरचा नकाशा काढून नीट घडी केली आणि माझ्या पासपोर्टात ठेवला. मला जेवण जाईना झालंय.

तू लगेच दुसरं पत्र टाक. बरं वाटतंय, कुणी येऊ नका, असं लिही. कुंकू ठसठशीत लाव. एवढी दया कर.

तुझा,
नामदेव


उदगीर
२६ फेब्रुवारी २०२५

चि. नामदेवास आशीर्वाद.

दुसरं पत्र टाकणार नाही. एकदा खोटी आजारी पडले, आता खोटी बरी होऊ? मी बरी झाले हे भामाला पटणारही नाही, ती मला डोळ्यांनी बघायला येणारच. मी गच्चीवर कुरडया घालत असेन आणि ती पिशवी घेऊन दारात. तेव्हा मी तोंड कुठे लपवू? आणि त्रिवेणीला फोनवर काय बोलायला शिकवू?

हे पत्र मुकुंदरावांकडून घेतलंस की तसंच घरी जा आणि भामाच्या हातात दे. तिला वाचू दे. काहिलीचं तिला ठाऊक नाही, ते विचारू दे. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही, नाम्या. पण तिचा समुद्र तिच्या हातून काढून घेतलास, तो परत देणं तुझ्याकडे आहे. तुला वर ओढायला मी आता तिथे नाही.

या पत्रालाही कुंकू लावत नाही. आधी तिला सांग.

आक्का


कुकटपल्ली, हैदराबाद
२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. काल दुपारी भामा अंबाडी निवडत होती, तिच्यापुढे तुझं पत्र ठेवलं. दोनदा वाचलं तिनं. मग मी काहिलीचं सांगितलं. मी सांगत होतो तोवर ती अंबाडीच निवडत राहिली, वर पाहिलं नाही.

मग एकेक विचारत गेली. सगळे हुसेनसागरात बोटीनं बुद्धाच्या पुतळ्याला गेलो आणि तुम्ही काठावर बाकावर सगळ्यांच्या पिशव्या धरून बसलात, ते गुडघ्यामुळे ना? मी म्हणालो, नाही. रामेश्वरला निघालो तेव्हा तुमच्या छापखान्यानं रजा नाकारली होती ना? म्हणालो, रजा मी मागितलीच नव्हती. आणि जगन्नाथपुरी? म्हणालो, तेही तसंच. मग म्हणाली, मी माहेरी पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत आले की माझा नवरा कंजूष आहे. तुम्ही ते ऐकून घेतलंत, पण हे सांगितलं नाहीत.

ग्रीससाठी भरलेली माझी पांढरी टोपी बॅगेतून काढून खुंटीला अडकवली. बूट मात्र माळ्यावरून खाली आले. रात्री वाढताना निकाल दिला. ती जाणारच. मी यायचं की नाही, ते येत्या रविवारी ठरेल. नऊ तारखेला आम्ही दोघंच हुसेनसागरला जायचं, बोटीत बसायचं, बुद्धाला हात जोडून परत यायचं. जमलं तर टोपी बॅगेत. नाही जमलं तर अकराला ठसे ती माझ्याशिवाय देईल, आणि मेमध्ये मी उदगीरला, पण चहा करायला शिकून. मी म्हणालो, एकदा बोटीत बसल्यावर मला परत फिरता येणार नाही. त्यावर म्हणाली, मलाही नाही, मी शेजारीच असेन की.

आक्का, बोट दहा मिनिटांची आहे म्हणतात. मी आजपासूनच मिनिटं मोजतोय. झोप नाही. पण आज सकाळी विचारावाचून एक गोष्ट केली, तिच्या बुटांच्या नाड्या ओवून ठेवल्या.

भामा तुझ्यावर रागावलेली नाही, तुला नमस्कार सांगते. मी हे स्पीडपोस्टानं टाकतोय, तूही तसंच कर. काही लिहू नकोस हवं तर, कोरा कागद चालेल, पण कोपऱ्यात कुंकू लाव. या वेळी घरच्याच पत्त्यावर. शनिवारच्या आत हातात पडलं तर खिशात ठेवून बोटीत बसेन. उशीर करू नकोस, वाट बघतोय.

तुझा,
नामदेव