माळावरचा ताणा

१२ नोव्हेंबर १९४१, बुधवार. शहापूर.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निपाणी सोडली आणि दुपारच्या जेवणाला बेळगावात. ट्रंक, वळकटी, आईनं दिलेला चटणीचा डबा, सगळं सुखरूप. मोटारीत शेजारच्या गृहस्थानं माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोप काढली आणि उतरताना मलाच म्हणाला, लई हलता की वो तुम्ही.

ज्यांच्याकडं राहत होतो त्या मामांची कोल्हापुरातून बदली झाल्यामुळे पहिली टर्म तिथं आणि दुसरी इथं असा योग आला. निरोप देताना आप्पांनी पुन्हा एकदा ऐकवलं. मार्चात फर्स्ट इयर पास झालास तर पुढं शीक, न्हायतर तंबाखूच्या वखारीत बसायचं, मग रडायचं न्हाय. मी हसत बरं म्हटलं. वखारीत बसायची वेळ येणार नाही.

खोली अक्काताईंच्या घरी मिळाली. विणकरांचं घर. पुढच्या सोप्यात दोन माग, मागं माझी खोली. अक्काताई पन्नाशीच्या, एकट्या, तोंडाच्या फटकळ. नाव विचारून, मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, एवढा वाळका नागोजी कालेजात जाऊन काय उचलणार, पुस्तक तरी उचलतंय का? पण रात्री भाकरी मोजल्या नाहीत. मी खुशीत आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

सकाळी गल्लीत गंमत पाहिली. साडीचा ताणा, म्हणजे उभ्या सुतांचा लांबच लांब पट्टा, काठ्यांवर ताणून गल्लीभर पसरला होता. अक्काताई एका बाजूनं आणि त्यांचे दीर दुसऱ्या बाजूनं कुंच्यानं त्यावर खळ चढवत पुढं मागं चालत होते. याला पांजणी म्हणतात. तेवढा वेळ सगळी गल्ली भिंतीला घासून जात होती. एक टांगा मुकाट्यानं मागं फिरला. ताणा ओलांडायचा नाही, वळसा घालायचा, हे इथं गाईसुद्धा शिकल्यासारख्या दिसतात.

कॉलेज वडगावच्या पलीकडं उघड्या माळावर आहे. पायी पंचवीस मिनिटं. फाटकातून शिरलं की उजवीकडं मुख्य इमारत, डावीकडं पार टोकाला सायन्सची शेड. एक तास इथं, एक तिथं, असा आमचा दिवस. दोहोंच्या मधे मोकळं मैदान आहे, पण पायवाट मैदानातून जात नाही. दोन दगडी खुंट आहेत, शंभर हातांच्या अंतरावर, आणि वाट त्या खुंटांच्या बरीच बाहेरून, माळाच्या कडेनं मोठं वळण घेते. मधे काही नाही. गवतसुद्धा नाही.

येळ्ळूरचा शामू वर्गात शेजारी बसतो. सायकलवरून येतो, सतत बोलतो. वळणाचं कारण विचारलं तर म्हणाला, सगळी जात्यात म्हणून मी बी जातो, तू काय इंजनेर हाईस?

१७ नोव्हेंबर, सोमवार.

दोन घंटांमधे पाच मिनिटं मिळतात. वळणानं मला सात लागतात. शामू सायकलवर टांग मारून पोचतो, माझी हजेरी संपलेली असते. आज इंग्रजीच्या सरांनी तिसऱ्यांदा गैरहजर लावला. हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नाही आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. पुढचं आप्पांनी सांगितलेलंच आहे.

घंटा देणारा शिपाई भरमू, त्याला विचारलं की सरळ गेलं तर काय होतं. तो म्हणाला, जावा की मालक वळसा घालून, पाय काय मोडत न्हाईत. मग घंटेचा हातोडा पदरानं पुसत बसला. पदर म्हणजे त्याच्या फेट्याचा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

आज सरळ गेलो. दोन मिनिटांत वर्गात. माझा सत्तेचाळीस नंबर पुकारला तेव्हा मी बाकावर बसून घाम पुसत होतो. शामूनं माझ्याकडं पाहिलं आणि बाकावर थोडा बाजूला सरकला.

मैदानाच्या मधोमध नडग्यांना काहीतरी गार लागलं. पहाटे शेतात गेल्यावर कोळ्याची जाळी लागते तसं. खाली पाहिलं, काही नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

चार दिवस सरळच जातो आहे. दिवसातून चार वेळा. एकही गैरहजेरी नाही.

संध्याकाळी पाय धुताना वहाणांच्या तळव्यांना पांढरं, चिकट काहीतरी लागलेलं दिसलं. वाळल्यावर पापुद्रे निघतात. अक्काताई पाणी द्यायला आल्या होत्या. त्यांनी एक पापुद्रा उचलला, बोटात चुरला, हुंगला. ही खळ कुठली रं, असं विचारलं. आज गल्लीत पांजणी नव्हती. मी माळावरून आलो म्हणालो. त्यांनी हात राखेनं दोनदा धुतले.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

डाव्या पायाची बोटं बधिर आहेत. अंगठ्याला ठेच लागली, नख उचकटलं, रक्त पाहून कळलं. नडग्यांवर बारीक आडव्या रेघा आहेत, एकीखाली एक. दुखत नाहीत.

मी रोज माळ सरळ ओलांडतो हे ऐकून अक्काताईंनी आज सगळं सांगितलं. त्यांना सासूनं सांगितलेलं. प्लेगच्या साली शहापूर ओस पडलं, लोक माळावर झोपड्या घालून राहिले. पोट भरायला हवं म्हणून तिथंच ताणे लागले. जयाबाई नावाची एक बाई आणि तिचा नवरा पांजणी करत होते, ती एका बाजूला, तो दुसऱ्या. मधेच नवरा खाली पडला. पांजणी अर्ध्यावर सोडता येत नाही, खळ वाळली की सुतं वाया. ती त्याच्याकडं न बघता कुंचा मारत टोकापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी तीही गेली. लोक झोपड्या मोडून पुढच्या माळावर निघून गेले. तो ताणा कुणी उचलला नाही.

मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, इतके दिस, चार चार वेळा. किती सुतं तोडलीस रं बाबा? आमच्यात ज्यानं तोडलं त्यानंच सांधायचं असतंय. त्यांच्या लग्नात नवऱ्याच्या मामाचा पाय ताण्यात अडकला होता. तर मामाला पंगतीतून उठवून गल्लीत बसवला, पुरी वाळून चामडं झाली तरी सोडला नाही. हे सांगताना त्या हसल्या. मीही हसलो. मग दोघंही थांबलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

आता वळणानंच जातो. उशीर झाला तर होऊ दे. बधिरपणा घोट्यांच्या वर आला आहे. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, तळवे गार पाण्यात भिजलेत म्हणाले, तेल चोळायला दिलं.

१ डिसेंबर, सोमवार.

पहिली घंटा झाली. मी शेडमधून निघालो, वळणाला लागलो, हे नक्की आठवतं. नंतर शामूनं माझा हात धरला होता आणि इंग्रजीचा तास संपला होता. तासभर मी खुंटांच्या मधे, भर उन्हात, कमरेत वाकून उभा होतो म्हणे. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते. शामू दगडी खुंटापाशी थांबून हाका मारत होता म्हणे, शेवटी मी त्याच्याजवळ आपण होऊन गेलो. म्हणाला, उवा मारतोस काय रं तिथं?

माझी हजेरी त्यानंच दिली. घोगरा आवाज काढून. सर म्हणाले, सत्तेचाळीस नंबरला सर्दी झालेली दिसते. शामू हे सांगताना पोट धरून हसत होता, पण माझा हात त्यानं फाटकापर्यंत सोडला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार.

पुन्हा. आज दोन तास.

ताणा दिसू लागला आहे. पाय जसजसे बधिर होत आहेत तसतसा स्पष्ट. पांढरा, या खुंटापासून त्या खुंटापर्यंत, गुडघ्याच्या उंचीवर. जिथून मी जात होतो तिथं सुतं लोंबताहेत. खूप.

पलीकडच्या टोकाला एक कुंचा हलतो आहे.

भीती वाटायला हवी होती.

५ डिसेंबर, शुक्रवार.

अक्काताईंना कुंच्याचं सांगितलं. त्यांनी माग थांबवला. त्या म्हणाल्या, कुंचा तुझ्यापत्तोर यायच्या आत सगळी सांध. ओल्या खळीत तुटकं सूत चिकटलं की ते आणि सांधणारा दोन्ही तिथलेच. वर बघू नको. शेवटची गाठ झाली की टोकानं बाहेर पड, मागं वळू नको. मग मला सोप्यात बसवून सूत कसं पिळून सांधायचं ते शिकवू लागल्या. पण शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझी बोटं त्यांच्यापेक्षा भरभर चालली. त्यांनी माझ्या हातातून सूत काढून घेतलं आणि आत गेल्या.

९ डिसेंबर, मंगळवार.

आता मी आपण होऊन जातो. पहिल्या घंटेला बसतो, शेवटच्या घंटेला उठतो. हजेरी शामू देतो आहे. टर्म भरेल.

आज भरमूनं पायवाट दहा हात बाहेरून आखली. चुन्याची रेघ मारली. मालक, वाईट वाटून घेऊ नका, बाकीच्या पोरांस्नी जायला पायजे, असं म्हणाला. पोरं रेघेवरून जातात. माझ्याकडं कुणी बघत नाही. मीसुद्धा पहिल्या दिवशी इथं कुणी आहे का ते कुठं बघितलं होतं.

१३ डिसेंबर, शनिवार.

कमरेपर्यंत. उजवा हात लिहीत नाही, पिळतच राहतो. डाव्यानं लिहितो आहे.

निम्मी झाली. कुंचा निम्म्यात आला.

१६ डिसेंबर, मंगळवार.

आप्पांचं पत्र. अभ्यास कसा चाललाय. वाचलं. घडी घातली.

शामू म्हणतो, खुळ्या, शनिवारी परीक्षेचे फॉर्म जाणार. बारापर्यंत सही पायजे तुझ्या हातची, ती मला देता येत न्हाय. त्याला सांगितलं, शनिवारी मोकळा होईन. ताणा, कुंचा, काही सांगितलं नाही. सांगायला हवं —

१८ डिसेंबर, गुरुवार.

अक्काताईंनी घास भरवला. ओठांना कळला नाही. बोलायला गेलो, आवाज नाही. लिहून दाखवलं, चाळीस राहिली. त्या रडल्या. मी पाहत राहिलो.

जयाबाईचे पाय दिसतात आता. कुंच्याच्या मागं. वर बघत नाही.

२० डिसेंबर, शनिवार. माळ.

वही मांडीवर. ऊन डोक्यावर.

नऊ राहिली. कुंचा तीस हातांवर. वेळ आहे.

सहा. खळीचा वास. पंधरा हात. तरी होईल.

चार.

बाराची घंटा झाली. शामू व्हरांड्यात, फॉर्म हलवतोय. ओरडतोय, ऑफिस बंद होतंय रं, ऊठ.

तीन. येतो. थांब.

पायऱ्या उतरला. पळतोय.

दोन —

वळणाला नाही लागला. रेघ ओलांडली. सरळ येतोय, माझ्याकडं, हसतोय —

हाक निघत नाही. शामू, तिकडून. तुला सांगितलं नाही मी. तिकडून ये, वळसा —

त्याचा पाय ताण्यात. सगळी तुटली — किती —

कुंचा थांबला. ती त्याच्याकडं बघते आहे —

शामू वळसा घा