सहा आठवडे, चार दिवस

१७ जुलै, गुरुवार. दुपारी तीन

सूनबाईंना दिवस गेलेत. अमोघने सांगितलं, चहात बिस्किट बुडवत, जणू गाडीची सर्व्हिसिंग झाली. सकाळी सोनोग्राफी केली. सहा आठवडे, चार दिवस. हृदयाचे ठोके दिसले. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, गणपतीत सांगू, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे त्या दोघांनी ठरवलं.

ऋतिकाच्या मोबाइलमध्ये एक ॲप आहे. त्यात म्हणे बाळ या आठवड्यात मसुराच्या दाण्याएवढं. माझं नातवंड किराणा मालाच्या यादीत! मी फक्त एवढंच विचारलं, की 'एम्ब्रियो' या शब्दाने कोणाचं काय घोडं मारलंय? "आई, गोड वाटतं हो," म्हणाली आणि बाथरूमकडे धावली.

संकल्प: ढवळाढवळ करायची नाही. एकतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये बायॉलॉजी शिकवलेली बाई घरात आहे. गरज पडली तर विचारतील.

तोच दिवस. संध्याकाळी सहा

कोणी विचारलं नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर सहज उभी राहिले. सहा आठवडे चार दिवस मागे गेलं की एक जून येतो. रविवार. त्या चौकटीवरून माझाच बाण गेलाय: 'अमोघ चेन्नई. दूध अर्धा लिटर कमी.' सव्वीस मे ते बारा जून.

पुन्हा मोजलं. मग पेन्सिलीने मोजलं.

१८ जुलै, शुक्रवार

विज्ञान खोटं बोलत नाही. बीजांड आणि शुक्राणू एकत्र आले, तो पहिला दिवस. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार. पाच-सहा दिवसांनी गर्भाशयाच्या भिंतीत रुजायला सुरुवात. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडायला लागतं. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. अमोघ परतला बारा जूनला. म्हणजे काल जास्तीत जास्त पाच आठवडे. अकरा दिवस कुठून आले?

शाळेत हा धडा 'घरी वाचा' असा असे. सिस्टर त्या पानांना स्टेपलर मारून टाकायच्या. मी शिकले तेव्हाही आणि शिकवलं तेव्हाही. त्याने कोणाचं काही अडलं नाही.

संकल्प: एक अक्षर बोलायचं नाही. मी आधुनिक आहे. संशय घेणाऱ्यातली तर मुळीच नाही. ऋतिकाला रोज हिंजवडीहून घोटावड्याच्या फाट्यापर्यंत गाडीतून सोडणारा शैलेश नावाचा एक सहकारी आहे, एवढी फक्त नोंद.

२२ जुलै, मंगळवार

शैलेशला चहाला बोलावलं. माणुसकी म्हणून. बोलता बोलता आनुवंशिकतेचा विषय निघाला. मी काढला. त्याला विचारलं, जीभ गुंडाळता येते का? बिचाऱ्याने हातातलं बिस्किट खाली ठेवून गुंडाळून दाखवली. पन्हळीसारखी. "काकू, माझ्या दोन्ही मुलींनाही येते," म्हणाला. ऋतिका इतकी हसली की उलटीच झाली. अमोघलाही जीभ गुंडाळता येते, त्यामुळे निष्कर्ष काही निघाला नाही.

तिचे केस मी मागे धरले. किती हलकी झाली आहे पोरगी. पाठीची हाडं हाताला लागत होती. आल्याचा रस दिला, साखर घालून. क्षमाशीलता माझ्या अंगातच आहे.

२७ जुलै, रविवार. सकाळी

ढवळाढवळ नाही. अमोघला फक्त विचारलं, एक जूनला तू कुठे होतास?

"चेन्नईला. का?"

काही नाही, सहज.

पण त्याने पुन्हा 'का' विचारलं आणि मला खोटं बोलायची सवय नाही. वीजबिलाच्या मागे बाण काढून समजावून दिलं. तो आधी हसला. मग बिल पुन्हा नीट पाहिलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, "आई, दहा दिवस हे डोक्यात ठेवून तू तिला आल्याचा रस देत होतीस?"

दारात ऋतिका उभी होती. किती वेळ, कोण जाणे. आत गेली, कडी लावली.

बोलली नाही, म्हणजे मुद्दा बिनतोड असणार.

२९ जुलै, मंगळवार

रत्नाबाई भाताची लावणी आटोपून आठ दिवसांनी कामावर आली. "वैनी जेवत का न्हाईत?" मी म्हटलं, ॲसिडिटी. तर म्हणते, "मला नका सांगू म्याडम. लावणीला जायाच्या आधीपासनं ठाव हाय. वकाऱ्या लपत्यात व्हय?"

मग मी एका नातेवाइकांच्या घरची अडचण म्हणून अकरा दिवसांचं सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आवो, ते पाळी आल्याली असती त्या दिसापासनं मोजत्यात. पोट कवा ऱ्हायलं ते डाक्टरला कसं कळनार? त्यो काय उशाला बसतुया? पाळीची तारीख बाईला ठाव असती."

मी म्हटलं, मग पहिल्या दोन आठवड्यांत पोटात असतं काय?

"कायबी न्हाई! तरी मोजायचं. आमच्या सरकारी दवाखान्याची आशाताई धा येळा सांगती. तुमच्या येळंला कोन मोजत हुतं?"

मी म्हटलं, माझी आई.

"मंग शाळंत काय शिकिवलं एकतीस वर्सं?"

भांडी होईपर्यंत हसत होती. नातेवाईक कोणते, ते मात्र विचारलं नाही.

दुपारी

जुनं पुस्तक काढलं. स्टेपलरची पिन गंजली होती. सुरीने उचकटली, एक पान फाटलं. वाचलं. चित्रं बरी आहेत. आठवड्यांचं त्यात काहीच नाही. मोबाइलवर पाहिलं. रत्नाबाईचं बरोबर आहे.

चूक अर्थातच डॉक्टरांची. सुरुवात होण्याआधी मोजायला लागतं का कोणी?

संकल्प: ऋतिकाशी उद्या बोलायचं. वाक्य तयार आहे: 'गैरसमज झाला.' कोणाचा, ते मोघम ठेवावं.

३१ जुलै, गुरुवार

काल तिची मीटिंग होती. आज माझं डोकं दुखत होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

दोघं नेऱ्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. ऑफिस जवळ पडतं, रस्त्यात खड्डे आहेत, अशा अवस्थेत रोजची दगदग नको. कारणं सगळी योग्य आहेत. मीच सुचवणार होते.

ऋतिका पाया पडली. मी तोंड उघडलं तेवढ्यात टेम्पोवाल्याने विचारलं, कपाट आडवं घालू का? मी म्हटलं, घाला. वाक्य राहिलं.

"येते, आई," म्हणाली. 'जाते' नाही म्हणाली. कोणीच तसं म्हणत नाही, तरी लिहून ठेवते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अमोघचा फोन. दीड मिनिट. ऋतिका झोपली आहे म्हणाला. सकाळी अकरा वाजता. या दिवसांत झोप येतेच.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

गणपती त्यांनी नेऱ्यालाच बसवला. मला गर्दी सोसत नाही, बोलावलं असतं तरी नाहीच म्हटलं असतं.

दुपारी फॅमिली ग्रुपवर फोटो आला. त्रेचाळीस माणसांना एकदम. 'बाळ येतंय! आता लिंबाएवढं आहे.' नाशिकच्या जुईलीचा लगेच मला फोन: "मावशी, तुला कधी कळलं?" मी म्हटलं, आत्ताच, तुझ्याबरोबर.

मग ऋतिकाला वेगळा मेसेज लिहायला बसले. 'गैरसमज झाला' लिहिलं. पुसलं. 'काळजी घे' लिहिलं. तेही पुसलं. शेवटी पाठवलं ते असं: 'आज बारा आठवडे, तीन दिवस. पाळीच्या पहिल्या दिवसापासून. चूक माझी होती.'

'पाळी' हा शब्द एकतीस वर्षांत मी फळ्यावर एकदाही लिहिला नाही.

दोन निळ्या खुणा आल्या. ती काहीतरी टाइप करते आहे असं दिसलं. बराच वेळ दिसलं. मग दिसायचं थांबलं.

रत्नाबाईने मोदक आणून दिले. एक खाल्ला.

कॅलेंडरवर दोन ऑगस्टपासून बाण चालू आहे: 'दूध अर्धा लिटर कमी.' महिना संपत आला म्हणून त्याचं टोक काढायला पेन्सिल घेतली. कुठल्या तारखेवर काढायचं ते समजेना. तसाच ठेवला.