रुंद चित्रातला कचरू

॥ श्री ॥

कुंभार पिंपळगाव
दि. २०-९-२००९

ती. सौ. सगुणाअक्कास तुळजाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

टीव्हीची छत्री, डबा, रिमोट आणि वायरचं भेंडोळं, सगळं बराबर पोचलं. बसवणाऱ्याचे दोनशे धरून सतराशे चाळीस झाले. तू म्हणालीस ती एचडी मात्र घेतली न्हाई. तिला तुमच्यासारखा रुंद टीव्ही लागतो, आमचा जुनाच आहे. एवढा खर्च पहाटेच्या एका कीर्तनासाठी, हे देवाला आणि तुला माहीत.

कचरू दिसला, अक्का. बुवांच्या मागं, पखवाज घेऊन. बापाशी भांडून गेला त्याला दीड वर्ष झालं. फोनचा नंबर बदलला, चार ओळींचा कागद न्हाई. तू लिहिलं होतंस की पोरगं अंगानं चांगलं भरलंय. मला तर गालफडं बसलेली दिसली, गळ्याची हाडं वर आलेली. दोन लेकरं गेल्यावरचा तो, दृष्ट लागू नये म्हणून तर नाव कचरू ठेवलं. माझी छत्री खोटं दाखवते की तुझी, तेवढं लिही.

हे टीव्हीकडं पाठ करून चहा पितात. पण कीर्तन संपेस्तोवर यांचा चहा संपत न्हाई.

तुझी तुळजा

जालना
दि. २९-९-२००९

चि. सौ. तुळजास अ. उ. आशीर्वाद.

काल दसरा झाला, सोनं पाकिटात घातलंय. रखमाजीरावांनाही दे.

अगं, स्वस्तातली छत्री घेतलीस, मंग कचरूही स्वस्तातलाच दिसणार. आमच्या एचडीत त्याच्या कपाळावरच्या बुक्क्याचा कण न कण दिसतो. गाल असे वर आलेत की तुझे दाजी म्हणतात, हा पखवाज वाजवून राह्यला की पेढे खाऊन राह्यला. चित्राखालून बुवांच्या मठाचा पत्ता पळत जातो, तोही मला चष्म्याविना वाचता येतो. लिहून पाठवला असता, पण रखमाजीरावांनी घरात त्याचं नाव काढायचं न्हाई म्हटलंय. तुम्हा दोघांत मी कशाला पडू.

दिवाळीला ये आणि डोळ्यानं बघ. काळजी तेवढी घरी ठेवून ये.

तुझी सगुणाअक्का

कुंभार पिंपळगाव
दि. २६-१०-२००९

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. तिथं बोलले न्हाई ते आता लिहिते.

पहिल्या पहाटे तुझ्याकडं कचरू खरंच भरलेला दिसला. त्या दिवशी किती दिवसांनी मी पोटभर जेवले, तूच म्हणालीस. दुसऱ्या पहाटे आरतीकडं नीट पाहिलं. बुवांच्या हातातलं ताट लांबट, आंब्याच्या कोयीसारखं. माझा जन्म ताटं घासण्यात गेला अक्का, तसलं ताट कुठल्या देवापुढं पाहिलं न्हाई. तेवढ्यात दाजींच्या हातून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. दाजी चिडले, अर्धा टीव्ही वाया गेला म्हणाले. पण ताट गोल झालं, आणि कचरू माझ्या घरी दिसतो तसा झाला. रुंद टीव्ही भरावा म्हणून सगळ्यांनाच ताणलं होतं. दाजींनी लगेच परत रुंद केलं. राहू दे तसंच, त्यांना भरलेली माणसं आवडतात, तुझ्याकडं बघून कळतंच.

घरी यांना काही सांगणार नव्हते. यांनीच चहा घेता घेता पाठमोरं विचारलं, कसा दिसला. मी म्हटलं, आपल्या घरी दिसतो तसाच. मंग कप तसाच ठेवून उठून गेले. बाजारातून आले तर पिशवीत डिंक, खारीक आणि गूळ. माझ्यापुढं ठेवून म्हणाले, कुठं पाठवायचं ते तुझ्या बहिणीला विचार.

लाडू वळून झाले. डबा पांढऱ्या कापडात शिवलाय, वरची जागा कोरी ठेवलीय. माझ्या चित्राखाली पत्त्याच्या नुसत्या मुंग्या पळतात, तुझ्यात तो लख्ख आहे. तुझ्या मायेवर हक्क आहे म्हणून सांगते, पहाटे उठून तेवढा उतरवून घे आणि उलट टपाली कळव.

तुझी तुळजा