सात नंबरचा स्कोअर

१ ऑगस्ट, शुक्रवार
आजपासून सुधारणा. नऊ गाड्या, अकरा ड्रायव्हर आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर मी, फ्लीट मॅनेजर नंदकिशोर. काम साधं: मुलुंडहून ऑफिसवाल्यांना उचलायचं, विक्रोळीला सोडायचं, संध्याकाळी परत. पण हायवे लागला की प्रत्येक जण विमान उडवतो. भांडुपच्या ऑफिसात सर्क्युलर लावलं: साठच्या वर जायचं नाही. हायवेच्या बोर्डावर जास्त लिहिलंय म्हणे. असेल. ते बोर्ड लावणाऱ्याने बघावं. शिवाय प्रत्येक गाडीत नवीन ॲप. स्पीड आणि कचकन मारलेले ब्रेक मोजतं, शंभरपैकी मार्क देतं. मालक मार्तंडशेठ खूश. मी समजावत होतो तेव्हा ते फोनवर होते, पण मान हलवली.

४ ऑगस्ट, सोमवार
सात नंबरचा ड्रायव्हर धोंडू तक्रार घेऊन आला. साहेबानु, ब्रेक नीट लागणा नाय, पेडल खाली जाता. गाडी चार लाख अडतीस हजार किलोमीटर चाललेली, थोडं कुरकुरणारच. तरी मी हलगर्जीपणा करत नाही. कंपाउंडमध्ये गाडी चालू करायला लावली, बॉनेटला कान लावला. इंजिन झकास! सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, मला कानाने कळतं. त्याला सांगितलं, ब्रेक खराब नसतो रे, पाय खराब असतो. तो म्हणाला, एकदा चाक खोलून बघूया. चाक खोललं की गाडी दिवसभर उभी. नऊच्या आठ. मग शेठ मला खोलतील.

११ ऑगस्ट
ॲपचा पहिला रिझल्ट. धोंडू ९८!! स्पीड कधीच पंचेचाळीसच्या वर नाही. कचकन ब्रेक: शून्य. एका सर्क्युलरने माणूस एवढा बदलेल असं मलाही वाटलं नव्हतं. सौरभ ६१. त्याला बोलवून झापलं.
धोंडू पुन्हा ब्रेकवर घसरला. म्हणतो, गिअर उतरवत उतरवत गाडी थांबवतो, पुढच्या गाडीपासून शंभर फूट लांब राहतो. मी म्हटलं, अरे, यालाच आदर्श ड्रायव्हिंग म्हणतात! तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. नम्र माणूस आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर धोंडूला सर्टिफिकेट दिलं. लॅमिनेट केलेलं. टाळ्या झाल्या. दोन शब्द बोल म्हटलं, तर म्हणाला, ब्रेक बघा. सगळे हसले. मीही हसलो. काही लोकांना कौतुक झेपतच नाही.
घरी कुंदाला किस्सा सांगितला. ती हसली नाही. विचारते, मग बघितलेस का ब्रेक? बायकोला फ्लीटमधलं काय सांगणार.

२३ ऑगस्ट, शनिवार
गणपतीसाठी कोकणातले चार ड्रायव्हर गावी निघाले. यांना अडवण्यात अर्थ नाही. नोकरी सोडतील, गणपती सोडणार नाहीत. धोंडूने चावी टेबलावर ठेवली. म्हणाला, मी येईपर्यंत सात नंबर कोणाला देऊ नका, नायतर गॅरेजला टाका. मी त्याच्या रजेवर सही करत होतो. हो हो म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार
ड्रायव्हर कमी, गाड्या तेवढ्याच, ऑफिसं चालू. डोकं लावलं. उद्यापासून सात नंबर सौरभला. ६१वाल्याच्या हातात ९८वाली गाडी दिली की तो आपोआप सुधारेल. गाडीलाही वळण लागलेलं असतं. सौरभने फोनवर विचारलं, धोंडूकाका ब्रेकचं काहीतरी म्हणत होते ना? मी म्हटलं, मी स्वतः चेक केलीय. कान लावला होता, म्हणजे केलीच ना.

२५ ऑगस्ट, सकाळी ९.४०
सात नंबरला ॲक्सिडेंट. कांजूरमार्गजवळ पुढचा कंटेनर थांबला, आपली गाडी थांबली नाही. मागच्या तिन्ही मॅडम वाचल्या, एकीचा हात मुरगळला. त्या सांगतात की शेवटी सौरभने हँडब्रेक ओढला आणि गाडी वळवून स्वतःची बाजू कंटेनरवर घातली. पत्रा कापून काढावं लागलं त्याला.

दुपारी ३
ॲप उघडलं. स्पीड ७२. बघा! सर्क्युलरपेक्षा बारा जास्त. बोर्डाच्या आत होता, पण सर्क्युलरच्या बाहेर. रिपोर्ट लिहून शेठना दिला: ड्रायव्हरची चूक, वेगमर्यादेचं उल्लंघन. कचकन ब्रेकच्या रकान्यात ॲप शून्य दाखवतंय. तो रकाना रिपोर्टात घेतला नाही. एका पानात बसत नव्हतं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
सौरभचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. वय चौतीस. मुलगी चार वर्षांची.
गॅरेजवाल्याने सात नंबरच्या चाकांचे फोटो पाठवले. ब्रेक पॅड उरलेच नव्हते, लोखंडावर लोखंड घासत होतं. खाली लिहिलंय, नंदूभाऊ, ही गाडी इतके दिवस चालवली कोणी आणि कशी? फोटो डिलीट केले. फोनचं स्टोरेज भरलं होतं.
कुंदाने उकडीचे मोदक केले होते. एकच खाल्ला.

३० ऑगस्ट
केळी घेऊन हॉस्पिटलला गेलो. सौरभची बायको रुचिरा वॉर्डाबाहेर भेटली. म्हणाली, सर, ते एकच धरून बसलेत, मी ब्रेक उशिरा मारला, माझं चुकलं. तुम्ही तर गाडी चेक केली होती ना? मी हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. ती म्हणाली, म्हणजे यांचंच चुकलं, आणि भिंतीला टेकून रडायला लागली. केळी तिच्या हातात दिली. आत गेलो नाही, व्हिजिटिंगची वेळ संपत आली होती. अर्धा तास होता.

८ सप्टेंबर, सोमवार
धोंडू गावाहून परत आला. त्याला तिकडेच कळलं होतं. आता हा शेठसमोर बोंब मारणार, म्हणून सकाळपासून उत्तरं तयार ठेवली होती. सहा मुद्दे, कागदावर लिहून.
तो आला तो टेबलासमोर उभा राहून रडायलाच लागला. म्हणाला, साहेबानु, माझ्यामुळा झाला. मी सौरभाक स्वतः सांगूक व्हया होता. तुमच्या डोक्याक इतके ताप, तुमका इसर पडलो असतलो.
विसर पडला नव्हता. सहा मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात घातला.
सौरभ म्हणतो चूक त्याची. धोंडू म्हणतो त्याची स्वतःची. मला कोणी काही विचारतच नाही. लाज वाटतेय. इतकी की त्याला बस म्हणायचंही सुचलं नाही. डोळे पुसून तो म्हणाला, हॉस्पिटलला जातो, चूक तुझी नाय, माझी, असं सौरभाक सांगतो. येतलात काय? मी म्हटलं, तू हो पुढे, मी आलोच.
तो गेला तेव्हा अकरा वाजले होते. आता सव्वापाच झालेत. अजून खुर्चीतच आहे.